लॅपटॉप कंपनीचं पॉवर सॉफ्टवेअर टाकावं का? त्या एका बटणासाठी टाका

प्रश्न थोडक्यात असा: लॅपटॉप तीन वर्षांचा आहे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला म्हणून फॉरमॅट मारून कोरं विंडोज ११ टाकून घेतलं. त्यात कंपनीने दिलेलं पॉवर मॅनेजमेंट सॉफ्टवेअर उडालं. लॅपटॉप तसा नीट चालतोय. दिवसभर टेबलावर चार्जरला लावलेला असतो, आठवड्यातून एखाद्या दिवशी बाहेर नेला जातो. मित्र म्हणतो, ते सॉफ्टवेअर म्हणजे कचरा, टाकू नकोस. दुकानदार म्हणतो, नाही टाकलं तर बॅटरी लवकर जाईल. कोणाचं ऐकू?

मित्राचं बहुतेक बरोबर आहे. पण त्याच्या म्हणण्यातून जे थोडं सुटतं, त्याच्यासाठीच मी गिऱ्हाईकाच्या मशीनवर हे सॉफ्टवेअर आठवणीने टाकून देतो. ते थोडं म्हणजे एकच बटण: चार्जिंग १०० ऐवजी ८० टक्क्यांवर थांबवणारं.

मी अकोल्यात लॅपटॉप दुरुस्तीचं काम करतो, वीसेक वर्षं झाली. फुगलेली बॅटरी हे आमच्याकडचं बारमाही काम, आणि उन्हाळ्यात त्याला भर येतो. एका मे महिन्यात एक कर सल्लागार मशीन घेऊन आले. तक्रार बॅटरीची नव्हतीच. "भाऊ, हे माउसचं पॅड दबतच नाही, बदलून द्या." मी लॅपटॉप काउंटरवर ठेवून एका कोपऱ्यावर बोट टेकवलं, तर तो पाटासारखा डुगडुगला. चार रबरी पायांवर बसायचं ते मशीन पोटावर बसलं होतं. उघडण्याआधी बॅटरी रिपोर्ट काढला. सायकल काउंट ३९. मशीन साडेतीन वर्षांचं. मग खालचे स्क्रू काढायला घेतले. शेवटचा स्क्रू सुटला आणि झाकण मी न उचलताच वर आलं. आत तीन सेलपैकी मधला उशीसारखा फुगून टचपॅडला खालून रेटत होता. टचपॅड ठणठणीत होतं, त्याला दबायला खाली जागाच उरली नव्हती.

३९ सायकल म्हणजे काय, ते बघा. बॅटरीतून एकूण १०० टक्के वीज खर्च झाली, मग ती एका दमात असो की चार तुकड्यांत, की एक सायकल मोजतात. साधारण लॅपटॉपची बॅटरी ३०० ते ५०० सायकल बऱ्यापैकी काढते, चांगली असेल तर हजारापर्यंत जाते. यांची ३९ वर गेली. त्यांनी ती वापरलीच नव्हती. सकाळी दहाला मशीन चालू करायचं, रात्री आठला बंद करायचं, प्लग तसाच. साडेतीन वर्षं ती बॅटरी काठोकाठ भरलेली आणि तापलेली पडून होती.

"सतत चार्जिंगला लावून ठेवलं की ओव्हरचार्ज होतं" असं लोक म्हणतात, ते खरं नाही. बॅटरी भरली की चार्जिंग सर्किट करंट तोडतं आणि मशीन थेट अडॅप्टरवर चालतं. त्रास वेगळाच आहे. लिथियमचा सेल पूर्ण भरतो तेव्हा त्याचं व्होल्टेज ४.२ च्या आसपास असतं, काही नव्या सेलमध्ये ४.३५ ते ४.४ पर्यंत. एवढ्या व्होल्टेजवर आतल्या इलेक्ट्रोलाइटची हळूहळू मोडतोड होत राहते आणि त्यातून वायू सुटतो. पातळ लॅपटॉपमधले सेल ॲल्युमिनियमच्या चपट्या पाकिटात असतात, वायूला बाहेर जायला वाट नसते. पाकीट फुगतं. ही मोडतोड उष्णतेने झपाट्याने वाढते. आता अकोल्याचा मे महिना डोळ्यांसमोर आणा: बाहेर ४४-४५, पंख्याखालच्या खोलीत ३८-४०, आणि लॅपटॉपच्या पोटात त्याहून जास्त.

बॅटरीवाल्यांच्या जगात एक तक्ता खूप फिरतो, त्यातले आकडे ढोबळ असले तरी दिशा पक्की दाखवतात. वापरात नसलेली लिथियम-आयन बॅटरी २५ अंशांत ४० टक्के भरून वर्षभर ठेवली, तर वर्षाअखेर तिची मूळ क्षमता ९६ टक्के उरते. तीच पूर्ण भरून ठेवली तर ८०. तापमान ४० अंश धरलं तर ४० टक्के भरलेली ८५ वर येते आणि पूर्ण भरलेली ६५ वर. म्हणजे आपल्याकडच्या उन्हाळ्यात, हात न लावता, नुसती भरून ठेवल्याने एका वर्षात तिसरा हिस्सा जाऊ शकतो. ऊन आपल्या हातात नाही. किती भरायची, ते मात्र आहे.

आता सॉफ्टवेअरकडे येऊ. चार्जिंग कुठे थांबवायचं हे विंडोज ठरवत नाही. लॅपटॉपच्या बोर्डावर एम्बेडेड कंट्रोलर नावाची एक छोटी चिप असते. आम्ही नुसतं ईसी म्हणतो. कीबोर्ड, पंखा, पॉवरचं बटण, चार्जिंग, सगळं तिच्या ताब्यात. विंडोज बंद असतानाही ती जागी असते, म्हणून तर बंद मशीन चार्ज होतं. ८० वर थांब, हा निरोप ईसीला द्यावा लागतो आणि तो द्यायची भाषा प्रत्येक कंपनीची आपापली. विंडोजच्या सेटिंगमध्ये सगळ्या मशीनवर चालेल असं टक्क्यांचं बटण नाही ते यामुळेच. कंपनीचं सॉफ्टवेअर हा त्या ईसीशी बोलणारा दुभाष्या आहे. त्याचं खरं मोल एवढंच, आणि तेवढं पुरेसं आहे.

प्रत्येक कंपनीने या बटणाचं बारसं वेगळं केलंय. लेनोव्होच्या थिंकपॅडवर व्हँटेज नावाच्या ॲपमध्ये चार्जिंग कधी सुरू व्हावं आणि कुठे थांबावं असे दोन आकडे देता येतात. माझ्या हातचे ठरलेले आकडे ७५ आणि ८०. आयडियापॅडवर त्याच ॲपमध्ये कन्झर्व्हेशन मोड नावाचं एकच बटण मिळतं. जुन्या मॉडेलमध्ये ते साठच्या आसपास थांबवतं, नव्यांत ऐंशीच्या. आसुसच्या मायआसुसमध्ये बऱ्याच मॉडेलवर बॅटरी हेल्थ चार्जिंग म्हणून तीन पर्याय असतात: १००, ८० आणि ६०. एमएसआयचंही तसंच. एसरच्या ज्या मॉडेलना सोय आहे त्यांवर केअर सेंटर किंवा एसरसेन्समध्ये ८० ची मर्यादा सापडते.

डेल आणि एचपीवाल्यांनी मात्र आधी बायोस, म्हणजे विंडोज सुरू व्हायच्या आधी उघडणारं मशीनचं मूळ सेटिंग, उघडून बघावं. डेलच्या बहुतेक मशीनवर सुरू होताना एफ२ दाबलं की पॉवरच्या भागात बॅटरी चार्ज कॉन्फिगरेशन दिसतं. त्यात 'प्रायमरिली एसी यूज' हा पर्याय टेबलावरच्या लॅपटॉपसाठी आहे, आणि 'कस्टम' घेतलं तर सुरुवातीचा नि शेवटचा आकडा स्वतः टाकता येतो. एचपीच्या ऑफिसवाल्या मॉडेलवर एफ१० दाबून आत गेलात की बॅटरी हेल्थ मॅनेजर मिळेल. 'मॅक्झिमाइझ माय बॅटरी हेल्थ' निवडलं की मशीन ८० वर थांबतं. एचपीच्या घरगुती मॉडेलवर बहुधा अडॅप्टिव्ह बॅटरी ऑप्टिमायझर असतं. त्यात आकडा आपल्या हातात नाही, तापमान आणि वापर पाहून मशीनच ठरवतं. मला स्वतःला हे अडॅप्टिव्ह प्रकरण फारसं रुचत नाही, कारण ते नेमकं काय करतंय ते गिऱ्हाईकाला दाखवता येत नाही. पण काहीच नसण्यापेक्षा बरं, चालू ठेवा.

बायोसमध्ये सोय असेल तर सॉफ्टवेअर टाकायची गरजच संपली. एकदा बायोसमध्ये लावा आणि विसरा. मग विंडोज किती वेळा टाका, लिनक्स टाका, ती मर्यादा हलत नाही.

मर्यादा ईसीमध्ये राहते, याची दुसरी बाजूही सांगतो, कारण त्यात एका माणसाचे नाहक पैसे गेलेले मी पाहिलेत. कॉलेजचा एक पोरगा आला. वापरलेला लॅपटॉप विकत घेतला होता, विकणाऱ्याने फॉरमॅट मारून दिला होता. तक्रार अशी की चार्जिंग ६० च्या पुढे जात नाही. दुसऱ्या एका दुकानाने आधी त्याला नवा अडॅप्टर विकला, मग नवी बॅटरी बसवली. तरी ६०. आता मदरबोर्डचा चार्जिंग सेक्शन गेला म्हणून मोठा खर्च सांगितला होता. मी अडॅप्टर मोजला, व्होल्टेज बरोबर. बॅटरी नवीन. आकडा ६०, कधी ५९ नाही, ६१ नाही. तिथेच लक्षात आलं. कंपनीचं ॲप उतरवलं, उघडलं, बॅटरीचं पान काढलं तर मर्यादेचं बटण चालूच. जुन्या मालकाने कधीतरी लावलेलं, फॉरमॅट मारून विंडोज गेलं पण ईसीने सांगितलेलं लक्षात ठेवलं. बटण बंद केलं, दहा मिनिटांत ६३ दिसलं. पोरगा काही बोलला नाही, जुनी बॅटरी कुठे ठेवलीय एवढंच आठवत बसला.

तेव्हा एक खूणगाठ बांधा: चार्जिंग ६०, ८० अशा गोल आकड्यावर रोज तिथेच थांबत असेल तर ते सेटिंग आहे. ३७ वर, ९१ वर, आज इथे उद्या तिथे थांबत असेल तर बिघाड शोधा. डेलच्या गोल पिनच्या जुन्या अडॅप्टरमध्ये आणखी एक भानगड असते. मधली बारीक पिन अडॅप्टरची ओळख सांगते, ती मोडली किंवा अडॅप्टर हलका असला तर मशीन चालतं पण बॅटरी चार्ज करत नाही, वर प्रोसेसरही हळू करतं. त्यावर कुठलंही सॉफ्टवेअर टाकून उपयोग नाही.

मग बाकीचं सॉफ्टवेअर? 'इको', 'स्मार्ट पॉवर', 'ऑप्टिमायझर', बॅटरीचे रंगीत आलेख? त्याला मित्राचा 'कचरा' हा शब्द चालेल.

एके काळी मात्र या गोष्टींना अर्थ होता. विंडोज एक्सपीमध्ये पॉवर स्कीम नावाची यादी असायची: होम-ऑफिस डेस्क, पोर्टेबल-लॅपटॉप, प्रेझेंटेशन वगैरे. त्यातून स्क्रीन आणि हार्ड डिस्क किती मिनिटांनी बंद व्हावी यापलीकडे फारसं हाती लागत नसे. म्हणून आयबीएमच्या थिंकपॅडवर बॅटरी मॅक्सिमायझर, तोशिबावर पॉवर सेव्हर असं प्रत्येकाचं स्वतःचं काही ना काही असे, आणि ते उडवलं की बॅटरी बॅकअप खरोखर कमी झालेला जाणवे. २००७ मध्ये व्हिस्टासोबत बॅलन्स्ड, पॉवर सेव्हर, हाय परफॉर्मन्स या योजना आल्या आणि प्रोसेसरचा वेग विंडोजमधूनच नीट हाकता येऊ लागला. २०१५ च्या इंटेलच्या सहाव्या पिढीपासून तर प्रोसेसर स्वतःच आपला वेग ठरवतो. स्पीड शिफ्ट म्हणतात त्याला. कुठल्या क्षणी वेग चढवायचा नि कधी उतरवायचा, हे तो इतक्या झटपट ठरवतो की वर बसलेल्या ॲपने त्यात नाक खुपसायचं कारण उरलेलं नाही. दुकानदाराचं म्हणणं त्या जुन्या काळातलं आहे. त्याचा दोष नाही, आमच्या धंद्यात शिकलेलं विसरायला वेळ लागतो.

आज वीज वाचवायची असेल तर विंडोज ११ च्या पॉवर अँड बॅटरी पानावरचा पॉवर मोड पुरे. बाकी खरी बचत स्क्रीनच्या उजेडात. उजेड निम्मा करून बघा, कुठल्याही 'इको' बटणापेक्षा जास्त फरक दिसेल. स्क्रीन १२० किंवा १४४ हर्ट्झची असेल तर बॅटरीवर असताना ६० ला आणा. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर बॅटरीवर ते जागं राहत नाही ना, ते बघा. आणि ब्राउझरमध्ये चाळीस टॅब उघडे ठेवून बॅटरीला शिव्या देऊ नका.

कंपनीच्या ॲपमधले पंख्याचे मोड ही मधली गोष्ट आहे. शांत, संतुलित, वेगवान असे तीन साधारण असतात, आणि ते विंडोजच्या पॉवर मोडपेक्षा खोल जातात: प्रोसेसरला किती वॅट ओढू द्यायचे आणि पंखा कधी जोरात फिरवायचा, हे ठरवतात. लेनोव्होच्या बऱ्याच मशीनवर एफएन आणि क्यू एकत्र दाबूनच मोड बदलतो. गंमत अशी की विंडोजमध्ये एक मोड आणि कंपनीच्या ॲपमध्ये दुसराच लावलेला असला की लोक गोंधळतात. विंडोजमध्ये 'बेस्ट परफॉर्मन्स' लावलंय आणि मशीन रांगतंय, कारण ॲपमध्ये 'शांत' लावून ठेवलंय. "लॅपटॉप स्लो झाला" म्हणून येणाऱ्या मशीनमध्ये मी रॅमकडे बघायच्या आधी हे बघतो. टायपिंग, एक्सेल, व्हिडिओ कॉल एवढाच वापर असेल तर 'संतुलित' लावा आणि त्या पानावर परत जाऊ नका.

गेमिंग लॅपटॉप असेल तर माझं उत्तर बदलतं. तिथे पंख्याचा वेग, ग्राफिक्स कार्डला मिळणारी वीज, स्क्रीन कुठल्या ग्राफिक्सवर चालवायची, हे सगळं कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्येच असतं आणि ते नसलं तर मोजलेल्या पैशांचा निम्मा लॅपटॉप वापरता येत नाही. आसुसचं आर्मरी क्रेट जड वाटतं म्हणून बरीच पोरं जी-हेल्पर नावाचं छोटं मुक्त सॉफ्टवेअर वापरतात. त्यात चार्जिंगची मर्यादाही लावता येते. मला ते आवडतं, पण कंपनीचं नाही, त्यामुळे स्वतःच्या जबाबदारीवर.

कचऱ्याच्या मुद्द्यावर मित्राच्या बाजूने अजून एक गोष्ट. अशी सॉफ्टवेअर मशीनमध्ये वरच्या अधिकाराने चालतात, कारण त्यांना ईसीपर्यंत पोचायचं असतं. जितकी जास्त, तितकी दारं जास्त. २०१८ मध्ये आसुसच्या लाइव्ह अपडेट या अपडेट देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येच हल्लेखोरांनी शिरकाव केला आणि कंपनीच्या खऱ्या डिजिटल सहीनिशी लोकांच्या मशीनवर घातक कोड पोचवला. कॅस्परस्की या अँटीव्हायरस कंपनीने मार्च २०१९ मध्ये ते उघड केलं. ते पॉवरचं सॉफ्टवेअर नव्हतं, तरी यातून घ्यायचं ते घ्यावं. वॉरंटीची आठवण करून देणारं, अँटीव्हायरस विकणारं, 'तुमचा पीसी तपासा' म्हणणारं काहीही ठेवू नका. आणि जे ठेवाल ते अद्ययावत ठेवा.

आता तुमच्या मशीनचं काय करायचं ते सांगतो. कोरं विंडोज टाकल्यावर आधी विंडोज अपडेट पूर्ण होऊ द्या, पर्यायी अपडेटच्या यादीतले ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला मशीनच्या भागांशी बोलू देणारी छोटी सॉफ्टवेअर, तेही घ्या. मग डिव्हाइस मॅनेजर उघडा. पिवळं उद्गारचिन्ह असलेलं अनोळखी यंत्र दिसलं तर ते बहुधा चिपसेटचं, इंटेलच्या डायनॅमिक ट्यूनिंग या वीज-उष्णता सांभाळणाऱ्या भागाचं किंवा कंपनीच्या त्या ईसीशी बोलणाऱ्या ड्रायव्हरचं असतं. हे ड्रायव्हर आणि वर दिसणारं ॲप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुमचा मित्र बहुधा दोन्हीला एकाच पोत्यात घालतोय. ॲप नसलं तरी चालेल, ड्रायव्हर नसून चालत नाही. उजेडाची बटणं न चालणं, पंखा वेड्यासारखा फिरणं, झाकण मिटल्यावर मशीन न झोपणं, या तक्रारी बऱ्याचदा तिथल्याच. आसुसवर तर सिस्टीम कंट्रोल इंटरफेस हा ड्रायव्हर नसेल तर मायआसुस उघडतं पण त्यात बॅटरीचं पानच दिसत नाही, आणि माणूस समजतो की आपल्या मॉडेलला सोयच नाही.

ड्रायव्हर घ्यायचा तो कंपनीच्या सपोर्टच्या पानावरून, मशीनच्या पोटावरचा सिरीयल नंबर टाकून. ॲप मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून. 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर' देणाऱ्या साइटच्या वाटेला जाऊ नका. त्या एका क्लिकची साफसफाई करायला लोक माझ्याकडेच येतात.

हे झालं की आधी बायोस बघा. तिथे मर्यादा असेल तर लावून मोकळे व्हा. नसेल तर कंपनीचं एकच मुख्य ॲप टाका, ८० लावा, सूचना आणि जाहिरातीसारखे संदेश बंद करा. काही मॉडेलवर यानंतर ॲप काढून टाकलं तरी मर्यादा टिकते, त्या पोराच्या मशीनवर टिकली तशी. काहींवर मशीन पुन्हा सुरू झाल्यावर ॲपच्या सेवेलाच ती परत लावावी लागते. तुमचं कुठल्या जातीचं, हे कळायला ॲप काढून दोन-चार दिवस बघा, ९० दिसलं की परत टाका. बायोस अपडेट झाल्यावरही एकदा नजर टाकावी, त्यात सेटिंग मूळपदावर गेल्याचं मी पाहिलंय.

"मग माझी २० टक्के बॅटरी फुकट गेली ना?" हे प्रत्येक जण विचारतो. हिशोब करा. बॅटरी ५० वॅट-अवरची असेल तर ८० टक्के म्हणजे ४०. हलक्या कामाला मशीन ८ वॅट ओढत असेल तर ५ तास चालेल, पूर्ण भरली असती तर सव्वासहा. टेबलावर बसणाऱ्याला तो सव्वा तास लागतो कधी? ज्या दिवशी बाहेर जायचंय त्याच्या आदल्या रात्री किंवा सकाळी मर्यादा काढा, १०० करा, परत आलात की लावा. काही मॉडेलमध्ये एकदाच पूर्ण भरून पुन्हा आपोआप मर्यादेवर येण्याची सोयही असते. अडचण लोडशेडिंगवाल्या गावांची. तिथे लॅपटॉपची बॅटरी हाच इन्व्हर्टर असतो. रोज दोन-तीन तास लाइट जात असेल आणि ८० टक्क्यांत भागत नसेल तर १०० लावा आणि कुरकुर करू नका. बॅटरी रोज वापरली जातेय, भरून नुसती पडत नाहीये. रोज कॉलेजला किंवा साइटवर नेणाऱ्यालाही मी हेच सांगतो. ८० ची सोय मुख्यतः प्लगला चिकटलेल्या मशीनसाठी आहे.

दोन-तीन महिन्यांतून एकदा मर्यादा काढून पूर्ण भरा आणि १०-१५ टक्क्यांपर्यंत उतरवा. यामुळे बॅटरी सुधारत नाही, पण तिचा आतला मोजमापाचा हिशोब जाग्यावर येतो. नाहीतर ३० टक्के दाखवत असताना मशीन गपकन बंद पडतं. लॅपटॉप महिनाभर बंद ठेवायचा असेल तर निम्मी भरून ठेवा. आणि झाकण मिटून थेट बॅगेत टाकू नका. हल्लीची मशीन मिटल्यावर मोबाइलसारखी अर्धवट जागी राहतात, बॅगेत तापतात. एसटीत दोन तास तापलेली भरलेली बॅटरी म्हणजे मे महिना बॅगेत घेऊन फिरणं. बाहेर नेताना हायबरनेट करा, म्हणजे उघडं काम डिस्कवर जपून मशीन पूर्ण बंद होतं.

मॅकबुक असेल तर वेगळं काही टाकायचं नाही. मे २०२० च्या अपडेटपासून ॲपलने हे काम मॅकओएसमध्येच घातलंय. लिनक्सवाल्यांना टीएलपी हे पॉवर सांभाळणारं सॉफ्टवेअर माहीत असेलच.

जुनी बॅटरी कितपत उरलीय ते बघायला कसल्याच ॲपची गरज नाही. फोनवर गिऱ्हाईकाला सांगतो तसंच सांगतो: कमांड प्रॉम्प्ट उघडा. इंग्रजीत 'पॉवर' लिहा, त्याला जोडून सी, एफ, जी. एक जागा सोडा. मग प्रश्नचिन्हाच्या बटणावरची तिरकी रेघ, आणि तिला चिकटून 'बॅटरी रिपोर्ट' हे दोन शब्द, मध्ये जागा न ठेवता. एंटर दाबलं की फाइल कुठे ठेवली ते तिथेच दिसतं. ती ब्राउझरमध्ये उघडा. डिझाइन कपॅसिटी म्हणजे कारखान्यातून निघताना किती होती, फुल चार्ज कपॅसिटी म्हणजे आज पूर्ण भरल्यावर किती राहते. दुसऱ्याला पहिल्याने भागा. तीन वर्षांच्या मशीनला ८० टक्क्यांच्या वर असेल तर छान. ६० च्या खाली असेल तर ८० ची मर्यादा लावून जुनं आयुष्य परत येणार नाही, बॅटरी बदलायचा विचार करा. बदलताना कॉम्पॅटिबल, म्हणजे दुसऱ्या कंपनीची बॅटरी घेतली तरी मर्यादा बहुधा चालते, कारण ती बॅटरी नाही, मशीन पाळतं. फक्त रिपोर्टमधल्या सायकलच्या आकड्यावर मग विश्वास ठेवू नका. काही डुप्लिकेट बॅटऱ्या वर्षभरानेही शून्यच सांगतात.

आणि टचपॅड दबेनासं झालं, झाकण नीट मिटेना, किंवा मशीन टेबलावर डुगडुगायला लागलं, तर सेटिंग शोधत बसू नका. प्लग काढा, मशीन बंद करा आणि दुरुस्तीला न्या. फुगलेली बॅटरी टोचून हवा काढायची नसते. तशी टोचून आणलेली एक मी पाहिलीय. ती दुकानात घेतली नाही, बाहेर वाळूच्या बादलीत ठेवली.